तेल प्यायलेली गिटार

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, तेही नणंदांनी दार अडवून धरलं म्हणून. तेव्हा इथेही 'हे' म्हणजे माझे यजमान, एवढं समजून घ्यावं. हे धुळ्यात बसगाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात पेंटर होते, आणि लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. साक्री, पिंपळनेर, अमळनेर, जिथून बोलावणं येईल तिथे. सगळ्या गावांनी ह्यांची गिटार ऐकली आणि घरी आल्यावर ह्यांचा आवाज मी ऐकला.

आवाज म्हणजे काय, विचारू नका. माणूस मुलखाचा तापट. ढोलकीवाल्याने ठेका जरा पळवला की भर स्टेजवर गाणं थांबवून त्याच्याकडे बघत राहायचे. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे. मीही काही गप्प बसणारी नाही. माझं माहेर केळीच्या मळ्यातलं, रावेरकडचं, तिथे एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात हाक मारायची सवय. आमचं सुरू झालं की शेजारच्या अक्का टीव्हीचा आवाज बारीक करायच्या, आमचं नीट ऐकू यावं म्हणून. असा आमचा संसार, आणि चांगला चालला होता.

मग गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपास, सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातला आरसा खाली पडला. मी आतून ओरडले, "फोडा, अजून एक फोडा!" उत्तर आलं नाही. उत्तर न येणं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं, म्हणून मी धावले. अर्धांगाचा झटका होता. शेजारच्या मुलांनी उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात वेळेवर पोचवलं. त्या मुलांचं आणि त्या डॉक्टरांचं मी रोज दिव्यापाशी नाव घेते. बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधाराने परत आला. डावा हात तेवढा आला नाही. त्याची मूठ मिटली ती मिटलीच.

पण मला खरी धास्ती बसली ती दुसऱ्याच गोष्टीची. हाताबरोबर ह्यांचा रागही गेला. वरण खारट झालं, तरी "असू दे." नळाला पाणी आलं नाही, "असू दे." व्यायामाच्या बाई घरी यायच्या, त्यांनी रबरी चेंडू दिला, डाव्या हाताने दाबा म्हणाल्या. ह्यांनी तो मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाई मला दारापाशी नेऊन हळूच म्हणाल्या, "काकू, हात परत यायला आधी माणसाला तो हवा असावा लागतो. काकांना तो नकोसा झालाय. हे महिने असेच गेले तर मग अवघड आहे." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडले. ज्या माणसाला मी इतकी वर्षं "जरा हळू बोला" म्हणत आले, तो हळू बोलायला लागला तर मला ते सोसवेना.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. विळा, कोयता, पाना-पकड, ह्यांची रंग फवारायची गन, शिलाई मशीन, स्कूटर, आणि गिटार. गिटार बसवण्याची रीत सासूबाईंची. त्या शेतकरी घरातल्या. औत असो की बैलगाडी, सणाला लाकडाला तेल पाजायचं, कुंकू लावायचं, हात जोडायचे. "पोटाला देणारी वस्तू शे ती," त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या. त्या गेल्यावर मी तेच चालू ठेवलं. ऑर्केस्ट्रा बंद पडले, डीजे आले, गिटार माळ्यावर गेली, तरी खंडेनवमीला मी ती खाली काढायचे, तेलाचं बोट फिरवायचे आणि पुन्हा वर ठेवायचे.

त्या दिवशी तेल लावताना लाल रंगाची एक खपली माझ्या बोटाला चिकटून आली. हा रंगही ह्यांचाच, कारखान्यात बसगाडीला मारून उरलेला, तरुणपणी हौसेने गिटारीला मारलेला. हे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "रंग उडालाय."

दोनच शब्द. पण 'असू दे' नव्हतं ते! माझे कान टवकारले. दिवाळीचे पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि मी गिटार त्यांच्यासमोर आणून ठेवली.

"ही आपण नवी करू," मी म्हटलं.

"कशाला? वाजवणार कोण?"

"ते नंतर बघू. रंग खरवडायला काही सूर लागत नाही."

"असू दे गं."

"नाही असू देणार," मी म्हटलं, आणि स्क्रू काढायचा पेचकस त्यांच्या उजव्या हातात दिला.

तारा तर गंजून गेल्याच होत्या, त्या कापून काढल्या. मग मान सुटी केली, म्हणजे तारा दाबायची ती लांब पट्टी. आतल्या वायरी आणि आवाज पकडणारी चुंबकं एका डब्यात भरली आणि डबा धरणगावला पाठवून दिला. तिथे ह्यांचा जुना मित्र राहतो. ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचा, आता लग्नाला स्पीकर भाड्याने देतो, वायरिंगमध्ये हुशार. मी त्याला भाऊ म्हणते. फोनवर म्हणाला, "वहिनी, आतला माल मन्हाकडे, बाहेरचा तुम्ही बघा." उरलं ते लाल लाकडाचं धूड. ते आम्ही गच्चीवर नेलं.

रंग काढण्याचं औषध लावलं की बसचा लाल रंग उकळत्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मी पत्र्याने खरवडायचे. लालच्या खाली निळा निघाला. "हा कधीचा?" विचारलं तर म्हणाले, "मुंबईत ज्याच्याकडून घेतली त्याचा." निळ्याच्या खाली मूळचा तपकिरी, मध्ये पिवळसर, कडेला काळपट. त्याच्याही खाली लाकूड. मला गंमत वाटली. इतकी वर्षं घरात होती आणि मी तिचं खरं अंग कधी पाहिलंच नव्हतं.

मग आलं घासकाम. माझा सगळा डाव इथेच होता. पॉलिश पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळला, आणि तो ठोकळा ह्यांच्या डाव्या मुठीला जुन्या साडीच्या काठाने बांधून टाकला. हे बघत राहिले. "हे काय, बैलाला जू बांधतेस का?"

"बैल परवडला. तो ऐकतो तरी," मी म्हटलं.

पहिले काही दिवस खांद्यातूनच काय ती हालचाल. दोनचार वेळा पुढेमागे केलं की दम लागायचा, "बस, असू दे" सुरू व्हायचं. मग मी दुसरा ठोकळा घ्यायचे आणि मुद्दाम लाकडाच्या रेषांवर आडवं घासायचे. पेंटरच्या जिवाला ते कसं सहन होणार! तोंड वाकडं व्हायचं, पण बोलायचे नाहीत. हळूच माझा हात बाजूला करायचे आणि रेषेत घासायला लागायचे. सकाळचं ऊन, गच्चीवर आम्ही दोघं, नाकातोंडात लाकडाची धूळ. शेजारच्या अक्का कठड्यावरून डोकवायच्या, "काय गं, दोघं मिळून भांडी घासताय का?" व्यायामाच्या बाईंनी साडीचा काठ पाहिला आणि पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "चालू द्या, काकू. माझ्या चेंडूपेक्षा हे बरं."

हात जरा हलायला लागला होता, हे खरं. पण माणूस अजून पाहुण्यासारखा वागत होता. मी सांगीन ते करायचं, संपलं की खिडकी.

लाकूड गुळगुळीत झालं. रंग कोणता द्यायचा हे विचारलं तर खांदे उडवले. मीच ठरवलं, रंग नको, लाकूडच दिसू दे, वरून नुसतं चकचकीत लॅकर. ह्यांच्या जुन्या कारखान्यातून छोटा कंप्रेसर आणि गन मागून आणली. वारा नसलेली सकाळ बघितली, गच्ची धुऊन धूळ बसवली, कपड्यांच्या तारेला गिटार टांगली. गन उजव्या हातात, ते काम ह्यांना डोळे मिटून येणारं. एक हात मारला आणि लाकूड असं उजळलं की मी टाळ्याच वाजवल्या. "अहो, बघा तरी! मधासारखी दिसतेय!"

आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या चकचकीत पाठीवर खड्डे पडायला लागले. आधी एक बारीक गोल, मग दुसरा, मग देवी आल्यासारखे सगळीकडे. लॅकर लाकडावरून मागे सरकत होतं, जणू लाकूडच त्याला ढकलतंय. मला काही कळेना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी गन खाली ठेवली, काठी टेकत गिटारीजवळ गेले, नाक लावून वास घेतला. आणि मग गच्ची हादरली.

"तेल! हिला तेल कोणी पाजलं?"

"तुमच्या आईने," मी म्हटलं.

"आणि आई गेल्यावर?"

"मी. खंडेनवमीला. रीत आहे ती."

"रीत? अगं, रीत? ही गिटार आहे की नांगर? पोपडे निघाले होते तिथून वर्षानुवर्षं घाण्याचं तेल आत मुरवलं तुम्ही दोघींनी! यावर आता रंग बसतो का? बसगाडी धुतल्याशिवाय मी कधी तिला रंगाचा हात लावला नाही, आणि माझ्याच घरात सासू-सून मिळून लाकडाला भजी तळल्यासारखं तेल पाजतायत!"

मला राग यायला हवा होता. माझ्या पायांतून काहीतरी गरम वर चढत गेलं, आणि तो राग नव्हता. माझा नवरा ओरडत होता! गळ्याच्या शिरा फुगवून, काठी आपटत. अक्कांच्या घरातला टीव्ही एकदम बारीक झाला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. मग मीही कमी केलं नाही. "दर वर्षी शेजारी उभं राहून हात जोडत होता, तेव्हा डोळे मिटून काय स्वप्नं बघत होता? तेव्हा नाही दिसलं तेल?"

"मला काय माहीत तुम्ही आंघोळ घालताय!"

"मग आता माहीत झालं ना? काय करायचं ते सांगा. का असू दे?"

"असू दे काय असू दे!" हे माझ्यावर धावूनच आले. "थिनर आण. आणि फडकी आण, ढीगभर. आणि आपल्याकडे ती मुलतानी माती आहे का, तोंडाला लावायची?"

मी जिना दोनदोन पायऱ्या उतरले, या वयात. देवघरापाशी क्षणभर थांबले, सासूबाईंच्या फोटोपुढे. त्यांच्याशी माझं हयातीत फारसं जमलं नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी त्यांना म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून तेल मुरलं, तेल मुरलं म्हणून हे भांडले. तुमचे उपकार मी फेडू शकत नाही." वर आले तेव्हा हे गिटारीवर ओणवे होऊन उजव्या हाताने लॅकर पुसत होते. आणि डावा हात, जो मी त्या दिवशी बांधलाच नव्हता, त्याने गिटारीची कड धरली होती. बोटं थोडी उघडून, कडेला अडकवून. त्यांच्या ते लक्षात नव्हतं. मी थिनरची बाटली हळूच त्यांच्याशेजारी ठेवली. बोलले असते तर दृष्ट लागली असती.

मग आमची खरी मेहनत सुरू झाली, आणि तिचे मालक हे होते. मुलतानी माती थिनरमध्ये कालवून गिटारीला लेप लावायचा, सुकला की झटकायचा. माती तेल ओढून पिवळी पडायची. पुन्हा लेप. मी म्हणायचे, "लग्नात मला एवढी हळद लागली नव्हती." हे म्हणायचे, "तू एवढी तेलकट नव्हतीस." मातीला तेल येईनासं झालं तेव्हा ह्यांनी ठरवलं, गन नको. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवायची आणि हातानेच चढवायची. आपल्याकडे सुतार जुन्या कपाटांना करतात तसं. लाख उरलंसुरलं तेल आत दाबून ठेवते, म्हणाले. कापूस तर खान्देशात मागायला जावं लागत नाही. कापसाचा बोळा मलमलमध्ये गुंडाळायचा, लाखेत बुडवायचा, आणि गोल गोल फिरवायचा, न थांबता. थांबलं की डाग.

तो बोळा ह्यांनी डाव्या हातात धरला. मी सुचवलं नव्हतं. उजवा हात दमला म्हणून आपोआप बदलला, आणि मग तो डाव्याच हातात राहिला. पडायचा, मी उचलून द्यायचे, मला ओरडायचे की माती लागली, दुसरा कर. सगळा पौष आणि माघ असाच गेला. पातळ हात, सुकणं, पुन्हा पातळ हात. लाकूड उसाच्या ताज्या गुळासारखं दिसायला लागलं. पाठीवर एके ठिकाणी कुंकवाचा लालसर ठिपका राहिला, तो काही केल्या निघेना. हे म्हणाले, "आईचा आहे, राहू दे." डावी मूठ आता निम्मी उघडायची, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वस्तू धरायची. करंगळी आणि तिच्या शेजारची मात्र तशीच. बाई म्हणाल्या, एवढं आलं हेच खूप आहे, आणि खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

धरणगावचे भाऊ वायरी आणि नव्या तारा घेऊन आले. सोबत छोटा अ‍ॅम्प्लिफायर. त्यांना मी फोनवर तेलाची गोष्ट सांगितली होती, तर दारातूनच ओरडले, "हाई गिटार शे का भजं?" वांगी भाजून भरीत केलं, जेवणं झाली. भाऊंनी मान बसवली, कथलाचा डाग देऊन वायरी जोडल्या, तारा चढवल्या, सूर लावले. गिटार ह्यांच्या गळ्यात दिली. आम्ही दोघं समोर बसलो, कार्यक्रमाला बसावं तसं.

ह्यांनी उजव्या हाताने तारा छेडल्या आणि डाव्याने दाबायला गेले. दोन बोटं बसली, दोन बसली नाहीत. जो आवाज आला तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. भाऊ म्हणाले, "वा, उस्ताद! सुरुवात तर झाली."

"खोटं बोलू नको," हे म्हणाले. शांतपणे. गिटार गळ्यातून काढली, भिंतीला टेकवली. "दिसते छान. खिळा ठोकून लावून टाक गं भिंतीवर."

भाऊ संध्याकाळच्या एसटीने गेले. मी भांडी घासत बसले आणि स्वतःला शिव्या दिल्या. कशाला केला मी हा उपद्व्याप? ज्याला हात नकोसा झाला होता त्याला मी तो हवासा करून दिला, आणि मग तो पुरत नाही हेही मीच त्याला दाखवलं. त्यापेक्षा खिडकी बरी होती. पुढचे काही दिवस हे गप्प. मी मीठ टाकायला विसरले एकदा, तर हे मुकाट्याने जेवले. मला वाटलं, गेलं. पुन्हा गेलं.

आणि मग एका सकाळी मी चहाला आधण ठेवलं, आलं ठेचायला घेतलं, तर छोट्या खलातला बत्ता जागेवर नाही. खल आहे, बत्ता नाही. ओट्यावर शोधला, फडताळात शोधला, कपाटाखाली वाकून पाहिलं. "अहो, बत्ता पाहिलात का?" मी हाक मारली. उत्तर नाही. उत्तर न येण्याची मला आता भीती बसली आहे.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सूर आला.

लांब, ओलसर, एका जागेवरून निघून दुसऱ्या जागी हळूहळू सरकत गेलेला. माणूस हाक मारताना आवाज ओढतो तसा. मी ओला हात तसाच घेऊन दारात गेले. ह्यांनी गिटार गळ्यात घातलेली नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवली होती, पाळण्यातल्या बाळाला घ्यावं तशी. मानेच्या टोकाला तारांखाली एक जाड पेन्सिल सारून तारा उंच केल्या होत्या. आणि त्या तारांवर, डाव्या हाताच्या त्याच अर्ध्या उघडणाऱ्या मुठीत धरलेला, माझा स्टीलचा बत्ता सरकत होता. बोटांनी दाबायला काही लागतच नव्हतं. मूठ पुढे गेली की सूर चढायचा, मागे आली की उतरायचा. पूर्वी लोक हवाईयन गिटार वाजवायचे ती अशीच, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हे डोळे मिटून बसलेत आणि घर वाजतंय.

एका वळणावर बत्ता जरा जास्त सरकला, सूर घसरला. हे चिडले. "हट् तिच्या!" म्हणाले, आणि मागून पुन्हा सुरू केलं.

"अहो, चहाला आलं ठेचायचंय," मी म्हटलं.

डोळे न उघडता हे खेकसले, "मग ठेच की! पाट्यावर ठेच, दगडाने ठेच. दिसत नाही का, काम चाललंय इथे?"

"दिसतंय," मी म्हटलं, आणि आत जाऊन फुलपात्राच्या बुडाने आलं ठेचत, ओट्यापाशी उभी राहून, सुखाने रडले.